पावलीच्या सरावाला ठेका कुठून आणायचा?

चैत्र-वैशाखात गावोगावी हरिनाम सप्ते सुरू झाले की आमच्या नर्सी गावातला मृदंग वाजवणारा माणूस घरी सापडत नाही. आज या गावी काल्याचं कीर्तन, उद्या त्या गावी काकडा. आणि नेमकी त्याच दिवसांत मुलींना सुट्टी असते, म्हणजे दिंडीत ठेक्यावर पाय टाकत नाचायची पावली शिकवायला वेळ मिळतो तो तेव्हाच. मग कुणीतरी फोन काढतं, एखादा गाजलेला अभंग लावतं आणि दहा-बारा मुली अंगणात गोल धरून पाय टाकू लागतात. पहिल्या कडव्यापर्यंत बरं चालतं. पुढं मध्येच बासरीचा तुकडा येतो, पखवाज थांबतो, गायक आलाप घेतो आणि मुली एकमेकींच्या पायांकडे बघत उभ्या राहतात.

गाण्याची ध्वनिफीत ऐकण्यासाठी केलेली असते. पाय बसवायला लागतो तो नुसता ठेका, एकाच लयीतला, दहा-पंधरा मिनिटं न थांबता चालणारा. हे मला नीट उमगलं ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात नोकरी करते आणि हौसेनं बेली डान्स शिकते. एका परत एकादशीला ती आमच्याकडे आली होती. पंढरपूरहून आषाढी करून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला नर्सीला येतात, कयाधू नदीच्या काठी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. रात्री गर्दी पांगल्यावर तिनं मला तिच्या फोनमधला एक फोल्डर दाखवला. त्यात एकही गाणं नव्हतं. ‘मक्सूम सावकाश’, ‘मक्सूम मध्यम’, ‘सईदी मध्यम’, ‘मल्फूफ जलद’ अशा नावांच्या फायली होत्या आणि प्रत्येकीत दरबुक्का नावाच्या मिसरी तालवाद्यावर एकच ठेका मिनिटामागून मिनिटं चाललेला.

तिनं मला त्यांचे बोल समजावले. आपल्याकडे ‘धा’, ‘ना’, ‘ती’, तसं तिकडे खर्जातल्या घुमणाऱ्या ठोक्याला ‘दुम’ आणि काठावरच्या टणक ठोक्याला ‘तक’ म्हणतात. मक्सूम आठ घरांचा. पहिल्या घरात दुम, दुसऱ्यात तक, तिसरं रिकामं, चौथ्यात तक, पाचव्यात दुम, सहावं रिकामं, सातव्यात तक, आठवं रिकामं. सईदीसुद्धा आठच घरांचा, फक्त चौथ्या घरातल्या तकच्या जागी दुम येतो. एवढा एक ठोका बदलला की ताल बदलतो आणि कमरेची चालही बदलते. हुस्साम रम्झी नावाच्या कैरोत जन्मलेल्या तालवादकानं (१९५३-२०१९) मिसरी नृत्याच्या तालांची ओळख करून देणाऱ्या अशा ध्वनिमुद्रिका काढल्या आणि जगभरच्या शिकणाऱ्यांची मोठी सोय केली. भाचीनं सहज विचारलं, “मावशी, तुमच्या पखवाजाचं असं काही नाही का?”

नर्सी ही नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून ओळखली जाते, त्यांचं जन्मसाल परंपरेनं १२७० मानतात. कीर्तनात देहभान विसरून नाचण्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्यांच्या गावात ठेका मिळेना म्हणून मुलींचा सराव अडावा, हे मला फार लागलं. त्यानंतर मी शोधत गेले, चुकत गेले, आणि जे हाती आलं ते इथं सांगते. गावोगावच्या महिला भजनी मंडळांना आणि शाळेतून दिंडी बसवणाऱ्या गुरुजी-बाईंनाही ते उपयोगी पडेल.

आधी शोधायचं कसं ते सांगते, कारण पहिली अडचण नावाचीच येते. आपण ज्याला मृदंग म्हणतो त्याला बाकी जग पखवाज म्हणतं. यूट्यूबवर नुसतं ‘मृदंग’ लिहिलं की समोर येतो कर्नाटक संगीतातला मृदंगम्, नाहीतर बंगाली कीर्तनातला मातीचा खोल, कारण त्यालाही तिकडे मृदंग म्हणतात. दोन्ही वाद्यं गोड, पण त्यांच्या ठेक्यावर आपली पावली बसत नाही. म्हणून ‘पखवाज’ लिहा, त्यापुढं ‘वारकरी’ किंवा ‘भजनी ठेका’ लिहा. तालांच्या नावांतही असाच घोळ आहे. आपला केरवा हिंदीत कहरवा होतो. दोन्ही नावांनी वेगवेगळं शोधलं तर दुप्पट माल सापडतो. ढोलकीचंही तेच. लावणीची ढोलकी हवी असेल आणि ‘लावणी’ हा शब्द घातला नाही, तर उत्तरेकडच्या ढोलकाचे व्हिडिओ पुढ्यात येतात.

शोधताना ‘ठेका’ आणि ‘लूप’ हे दोन शब्द जरूर घाला. ‘पखवाज वादन’ असं शोधलं तर एकल वादन मिळतं आणि ते सरावाच्या कामाचं नसतं. एकल वादनात वादक ठेका धरतो तो घटकाभरच, मग परणी, रेले, तिहाया सुरू होतात. शिकाऊ पायांना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठं गेली ते कळतच नाही. अर्थात एकल वादन ऐकावंच, आणि मुलींना बसवून ऐकवावं. मराठवाड्याला त्यासाठी लांब जायला नको. आपेगावकरांची पखवाजाची परंपरा आपल्याच मातीतली आहे. शंकरबापू आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांचं वादन ऐकलं की हाताखाली चामडं कसं बोलतं ते कळतं. मात्र तेव्हा पाय मांडी घालून ठेवायचे.

कोणता ताल शोधायचा हे नाच कोणता त्यावर ठरतं. दिंडीतल्या पावलीला आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केरवा. गवळण बसवायची असेल तर आधी गुणगुणून मात्रा मोजा. बऱ्याच गवळणी सहा मात्रांच्या दादऱ्यात असतात आणि केरव्याच्या फायलीवर त्या कधीच बसणार नाहीत. कथक शिकणाऱ्यांसाठी लहरा शोधावा. त्यात सोळा मात्रांच्या त्रितालाच्या एका आवर्तनाची धून सारंगीवर किंवा पेटीवर सारखी फिरत राहते आणि धुनीवरूनच समेची जागा कळते. लेझीमला हलगी किंवा ढोल हवा, तबल्याच्या ठेक्यावर लेझीम उचलत नाही.

ताल-यंत्रांबद्दल लोक हमखास विचारतात. बंगळुरूच्या राडेल कंपनीची ‘तालमाला’ कित्येक गाणाऱ्यांच्या घरी दिसते, आणि फोनवर ‘आयतबला प्रो’सारखी ॲप आहेत. यंत्राची लय ढळत नाही, मात्रांचा आकडा टाकला की तेवढ्याच गतीनं ते तासभर चालतं. नवशिक्यांना मोजायला शिकवण्यासाठी मी यंत्रच वापरते. पण त्यातला आवाज मुख्यतः तबल्याचा असतो. तबल्याचा डग्गा आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाची धूम यांत फार फरक आहे. धूम पोटात वाजते. पावलीतला पाय जो जमिनीवर पडतो तो त्या धुमेवर पडतो. महिनाभर यंत्रावर सराव केलेल्या मुली प्रत्यक्ष पखवाजासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे पाय हलके पडत होते, हे मी स्वतः बघितलं. तेव्हापासून यंत्र पहिल्या आठवड्यापुरतंच.

सापडलेली फाईल चांगली की वाईट हे ओळखायला घड्याळ पुरतं. पंधरा सेकंदांत किती मात्रा येतात त्या मोजा, चारनं गुणा. तो मिनिटाचा आकडा. फाईलच्या सुरुवातीला एकदा मोजा, शेवटाजवळ पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर वादक नकळत पळाला आहे आणि त्याच्यामागं तुमच्या मुलीही पळणार. भजनात लय चढणं हा रंग आहे. शिकताना मात्र तीच लय पायात गोंधळ करते. मिनिटाला ८० मात्रांची लय घेतली तर आठ मात्रांचं एक आवर्तन सहा सेकंदांत होतं, म्हणजे मिनिटाला दहा आवर्तनं. दहा मिनिटांच्या फायलीत एक पाऊल शंभर वेळा घोटून होतं. एवढं झालं की पाय डोक्याला विचारायचे थांबतात.

लूपमध्ये आणखी एक खोट असते. अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेऊन तो पुन्हा पुन्हा जोडलेला असतो, आणि जोड समेवर नीट बसलेला नसला की तिथं पाव मात्रा गळते. कानाला कळत नाही, पायाला कळतं. सगळ्या मुली एकाच ठिकाणी अडखळत असतील तर त्यांना रागावू नका, फाईल तपासा. माझ्याकडून हे झालेलं आहे. एका मुलीला मी चार दिवस बोलत राहिले आणि चूक जोडाची निघाली. तिची मी माफी मागितली.

लय कमी करायची असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये गती बदलता येते आणि सूर उतरत नाही. कॅसेटच्या काळात टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की लय आणि पट्टी दोन्ही खाली यायची, त्या मानानं ही मोठी सोय आहे. पण ०.७५ च्या खाली जाऊ नका. त्याखाली पखवाजाची आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा आवाज, थरथरत तुटतो आणि ठोका कुठं संपला ते समजत नाही. सावकाश सराव हवा असेल तर सावकाश वाजवलेलीच फाईल शोधावी.

आता ऐकायच्या साधनाचं. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून धूम बाहेरच येत नाही, नुसती उजव्या, शाईच्या बाजूची टणटण ऐकू येते. मुली त्या टणटणीवर नाचायला शिकतात आणि सम सोडून भलत्याच ठोक्यावर पाय आपटतात. लहान का होईना, वेगळा स्पीकर घ्या. तो अंगणाच्या मधोमध ठेवू नका, दोन भिंतींच्या कोपऱ्यात लाकडी पाटावर ठेवा. कोपऱ्यात खर्ज भरून येतो. ब्लूटूथ स्पीकर लावून व्हिडिओवरून पावलं शिकत असाल तर जरा जपून, काही वेळा आवाज चित्राच्या किंचित मागं येतो आणि शिकवणाऱ्याचे पाय ठोक्याच्या आधी पडताना दिसतात. अशा वेळी वायर लावा किंवा नुसतं ऐका.

एवढं सगळं करूनही मनासारखी फाईल मिळत नाही, हा माझा अनुभव आहे. कुठं टाळांचा कल्लोळ असतो, कुठं मध्येच जाहिरात सुरू होते, कुठं भजनी ठेका असतो पण आपल्या भागात वाजतो तसा नाही. गावागणिक ठेक्याचा डौल बदलतो. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून आलेला वादक एक वळण घेऊन येतो, आणि घरच्या भजनात वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकलेल्याचं वळण निराळं असतं. तुमच्या मुली ज्याच्या ठेक्यावर दिंडीत चालणार आहेत, त्याचाच ठेका त्यांच्या कानात असायला हवा. म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे, की आपल्या मृदंगवाल्याला एक सकाळ मागून घ्या आणि स्वतः ध्वनिमुद्रण करा. साध्या फोनवर होतं.

सप्त्यांच्या धामधुमीत त्याला वेळ नसतो, त्यामुळे हे काम आधीच, माघ-फाल्गुनात करून ठेवा. दोन-अडीच तास वादक तुमच्यासाठी बसणार आहे, तर मानधन ठरवून द्या. आपल्याच गावचा आहे म्हणून फुकट बोलावू नये. आणि ती फाईल गटावर टाकायची असेल, यूट्यूबवर चढवायची असेल, तर आधी त्याची परवानगी घ्या. त्याच्या हाताची कमाई आहे ती.

जागा घरातली निवडा. औंढ्याला नागनाथाच्या दगडी मंडपात पखवाज ऐकण्याचं सुख वेगळं, नामदेवांच्या कीर्तनासाठी ते देऊळ फिरलं अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण दगडी मंडपात किंवा फरशीच्या सभामंडपात आवाज फिरून परत येतो आणि एका ठोक्यावर दुसरा चढतो. घरातली मधली खोली घ्या, दोन भिंतींना गोधड्या टांगा, पंखा बंद करा. फळीवरची स्टीलची भांडी बाहेर काढा. पहिल्यांदा आम्ही ती काढली नव्हती. प्रत्येक धुमेला फळीवरची ताटं बारीक झणझणत होती. ते बसल्या जागी कुणाला जाणवलं नाही, फाईल ऐकताना मात्र दुसरं काही ऐकूच येईना.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या कणकेच्या गोळ्यामुळेच धूम खोल होते. पण कणीक वाळत जाते. फाल्गुनातल्या आमच्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात तिला कडा सुटू लागतात आणि धूम वर चढते. पहिल्या फायलीतली धूम आणि शेवटच्या फायलीतली धूम वेगळी लागली की मुलींना वाद्यच बदलल्यासारखं वाटतं. म्हणून पाण्याची वाटी शेजारी ठेवा. दोन फायलींच्या मध्ये वादक बोट बुडवून कणीक दाबून घेईल, एकदा धूम वाजवून कान देईल, गरज पडली तर थोडी कणीक वाढवेल. उजवी बाजू हातोडीनं गठ्ठे ठोकून आधीच पट्टीत आणलेली असते. तुमचं मंडळ ज्या पट्टीत गातं तीच पट्टी त्याला सांगा, म्हणजे पुढं याच फायलीवर गाऊनही बघता येईल.

फोन वादकापासून तीन-चार फुटांवर, समोर पण किंचित धुमेच्या बाजूला ठेवा. जमिनीवर ठेवू नका, फरशीचा हादरा आत जातो. उशीवर किंवा चार घड्या घातलेल्या चादरीवर ठेवा. फ्लाइट मोड लावा, नाहीतर नवव्या मिनिटाला कुणाचा तरी फोन येतो. फोनमधलं रेकॉर्डर ॲप वापरा आणि त्यात गोंगाट कमी करण्याची सोय चालू असेल तर बंद करा. ती सोय माणसाचं बोलणं स्वच्छ करण्यासाठी असते, पखवाजाची आस तिला गोंगाट वाटते आणि ती आस कापली जाते. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर तर मुळीच रेकॉर्ड करू नका, त्यात आवाज फार दाबला जातो. फाईल पाठवतानाही डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आधी एक मिनिट वाजवून घ्या आणि इअरफोननं ऐका. जोरकस ‘धा’ फाटत असेल तर फोन दोन फूट मागं घ्या.

लय राखणं ही सगळ्यात अवघड गोष्ट. अनुभवी वादकालाही दहा मिनिटं नुसता ठेका वाजवायची सवय नसते, हात भरायला धावतात. दुसऱ्या फोनवर मेट्रोनोम लावून त्याचा इअरफोन वादकाच्या एका कानात द्यावा. आमच्याकडे मृदंग वाजवणाऱ्या बुवांना आधी ते पटलं नाही, यंत्राच्या मागं आपण का जावं, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की या मुलींना अजून लय धरता येत नाही, त्यांच्यासाठी तुम्ही काठी व्हा. मग त्यांनी चार फायली अशा वाजवल्या की सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा तंतोतंत जुळला.

त्या चार लयी आमच्याकडे मिनिटाला ६०, ७५, ९० आणि ११० मात्रांच्या आहेत. प्रत्येक फायलीच्या आरंभी टाळाचे चार ठोके घेतले, म्हणजे उजवा पाय केव्हा उचलायचा ते कळतं. टाळकरी वादकापासून दहा फूट लांब बसवावा आणि त्या चार ठोक्यांनंतर त्यानं टाळ मिटून घ्यावा. टाळाची किणकिण इतकी पुढं येते की बाकी सगळं झाकतं. पाचवी फाईल वेगळी केली. तीत बुवांना मोकळं सोडलं, मेट्रोनोम काढला, लय चढवायला सांगितली, लग्ग्या, म्हणजे ठेक्यात भरायचे जलद बोल, घ्यायला सांगितल्या. ती फाईल पहिल्या महिन्यात मुलींना देत नाही.

फायलींना नावं देताना ताल, लय आणि वाद्याची पट्टी तिन्ही लिहा. ‘रेकॉर्डिंग १’, ‘रेकॉर्डिंग २’ अशा नावांच्या फायली दोन महिन्यांनी कुणालाच ओळखू येत नाहीत. एक प्रत मेमरी कार्डावर ठेवा, कारण वारीच्या वाटेवर मुक्कामाच्या गावी नेटवर्क मिळेलच असं नाही आणि सराव तिथंही करावासा वाटतो.

एका मुलीला एका दिवशी एकच लय द्या. साठवर पाय चुकत नाही असं सलग तीन दिवस दिसलं की पंच्याहत्तर. साठवरून थेट नव्वदला उडी मारली की खांदे ताठरतात, आणि ताठरलेले खांदे सोडवायला मागची सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. पावली टाकताना तोंडानं आठ मोजायला लावा, मग मोजणं सोडून ‘रामकृष्ण हरी’ म्हणायला लावा. म्हणता म्हणता पाय चुकत नसेल तर ती लय पक्की झाली.

परत एकादशीच्या आधीचे आठ दिवस आमचा फोन पिशवीत राहतो. त्या दिवसांत बुवा स्वतः येतात, अंगणात पाट टाकून बसतात आणि मुद्दाम लय ओढतात, सोडतात, मध्येच एक लग्गी घेऊन समेवर डोळे उचलतात. पहिल्या संध्याकाळी निम्म्या मुली चुकतात. त्यांना पायांकडे बघू देऊ नका, बुवांच्या उजव्या खांद्याकडे बघायला सांगा. समेच्या आधी तो खांदा किंचित वर जातो.